व्याह्यांचा जनरेटर आणि आग्नेय कोपरा

सौंसर,
कार्तिक शुद्ध दशमी

आदरणीय व्याहीबुवा श्रीकांतराव यांना रघुनाथचा सादर नमस्कार.

आपला गुडघा आता जिना चढू देत असेल आणि विहीणबाईंचा खोकला दिवाळीच्या फटाक्यांबरोबर संपला असेल, असं धरून पुढचं लिहितो. इकडं सर्व क्षेम आहे. (सर्व म्हणजे बहुतेक.) संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली. सुचिता उद्या भाऊबिजेसाठी माहेरी येते आहे, तिच्यासोबत एक कॅरेट संत्री आणि हे पत्र पाठवतो. संत्री आधी खावीत. आपण दसऱ्याला मोठ्या विश्वासानं दिलेला जनरेटर चालू स्थितीत आहे. "चालू स्थितीत" हे शब्द मी विचार करून वापरले आहेत. आपण छत्तीस वर्षं वीज खात्यात काढली, तेव्हा या दोन शब्दांत काय काय बसतं हे आपल्याला मी सांगायला नको.

फोन का केला नाही, हे आधी सांगतो. फोनवर माझं पहिलं वाक्य संपायच्या आत आपण विचारलं असतं, "ठेवला कुठं होता?" आणि बाकी काहीही न सांगता मला त्याचं उत्तर द्यावं लागलं असतं. पत्रात माणसाला आपल्या क्रमानं चुकता येतं.

आमच्या सौ. देवकाबाईच्या फुप्फुसांनी दोन वर्षांपूर्वी अंग काढून घेतलं, हे आपल्याला माहीत आहेच. तेव्हापासून ते हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र आमच्या घरात एखाद्या वडीलधाऱ्या पाहुण्यासारखं राहतं: त्याला कोपरा द्यावा लागतो, वीज द्यावी लागते आणि ते बोलत असताना दुसऱ्यानं बोलायचं नसतं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, दिवसरात्र मिळून सोळा तास नळी नाकाला हवी. त्यामुळं बाई दोन वर्षांत गावाबाहेर गेली नाही. आणि तिचा थोरला भाऊ रामाजी तिकडं तुमच्या पांढुर्ण्याच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला, खाटेवर आहे. वय ब्याऐंशी, खुब्याचं हाड मोडलेलं, येणं शक्य नाही. बहीणभावाची भेट होऊन तीन वर्षं झाली. आमच्या घरच्या रिवाजानं भाऊबीज कार्तिकी पौर्णिमेपर्यंत चालते, म्हणून आजपासून हातात पाच दिवस आहेत. पुढच्या कार्तिकापर्यंत रामाजी थांबतील, असं ते स्वतःसुद्धा म्हणत नाहीत. एवढीच गोष्ट आहे. बाकी सगळं या गोष्टीच्या मागं ओढत नेलेलं सामान आहे.

सामान म्हणजे ट्रेलर. रामाजींच्या घरात लाकडाची चूल, खोल्या दोन आणि वीज आपल्या मर्जीनं येणारी-जाणारी. तिथं देवकाबाईला ठेवणं शक्य नव्हतं. तेव्हा घरच सोबत न्यावं असं मी ठरवलं. बोरगावचा दिलीप वेल्डर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो. त्याच्याकडून आठ फूट लांब, सहा फूट रुंद, दोन चाकांची, पांढऱ्या पत्र्याची खोली करवून घेतली. आत एक खाट, यंत्राला जागा, दोन खिडक्या. (दिलीपनं स्वतःच्या कल्पनेनं दारावर "सुस्वागतम्" असं वेल्डिंग करून दिलं. ते आता कापून काढता येत नाही.) बोलेरोच्या मागं ती जोडायची आणि वीज तुमच्या जनरेटरची. आपण जनरेटर देताना सुंदर अक्षरात सात कलमांचा कागदही दिला होता. तो मी तीनदा वाचला, पटला म्हणून मान डोलावली आणि ट्रेलरमध्ये खाटेच्या वर चिकटवला. पहिलं कलम होतं की मशीन पुढच्या दांडीवर, जोडणीच्या जवळ, उभं बांधावं. चौथं कलम होतं की चालवताना ते घरापासून वीस फूट दूर, वारा जिकडं वाहतो तिकडच्या अंगाला, धुराचं तोंड पलीकडं करून ठेवावं. दोन्ही कलमं बरोबर होती, हे आता मी लेखी कबूल करतो.

चूक कुठं झाली, तर श्रद्धेत झाली. आमच्या घराण्यात विहिरीवर पहिलं ऑइल इंजिन बसलं तेव्हापासून जे जे धूर सोडतं ते आग्नेय कोपऱ्यात राहतं. चूल आग्नेयेला, इंजिन आग्नेयेला, गुऱ्हाळाची भट्टी आग्नेयेला. हा अग्नीचा कोपरा. आंगणात ट्रेलर उत्तरेकडं तोंड करून उभा होता, म्हणून मी दिलीपला मागच्या उजव्या कोपऱ्यावर जनरेटरसाठी बैठक ठोकायला सांगितली. दिलीप म्हणाला, "काका, गाडी वळली का कोपराबी वळते न." मी त्याला म्हणालो की तू वेल्डिंग कर. (पुढं जे जे झालं ते या एका वाक्यात होतं, पण शहाणपण कमी शिकलेल्या माणसाच्या तोंडून आलं की आपण त्याला कामाला लावतो.)

पहिल्यांदा निघालो ते चतुर्थीला. मी आयुष्यात शेकडो बैलगाड्या भरल्या. मागं वजन जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उठतं आणि बैलांच्या मानेला फास बसतो, हे मी आपल्या जावयाला तो सहा वर्षांचा असताना शिकवलं. त्याच वैभवला मी त्या दिवशी मागच्या टोकाला पन्नास किलोचं मशीन लावलेली गाडी चालवायला दिली. बोरगावपर्यंतसुद्धा पोचलो नाही. वेग चाळिसावर गेला आणि ट्रेलर मागं शेपटी हलवू लागला. आधी प्रेमानं, मग रागानं. एक मोटरसायकलवाला शेजारी येऊन ओरडला, "काका, तुमची मागची खोली वेगळीच चालून राहिली!" देवकाबाई पुढच्या सीटवर नाकाला लहान सिलिंडर लावून बसली होती. तिनं फक्त पदरातली सुपारी खलबत्त्यासह माझ्या हातात दिली, म्हणजे आता हे सामान धरून बसा, घरी जायचं आहे. आम्ही परत आलो.

दुसऱ्यांदा निघालो सप्तमीला. मशीन पुढच्या दांडीवर घ्यायचं तर तिथं नवी बैठक ठोकावी लागली असती, आणि दिलीप भाऊबिजेला बहिणीकडं गेलेला. (सगळ्या जगाच्या बहिणी भावाला भेटत होत्या, आमचीच तेवढी राहिली होती.) म्हणून मी मशीन ट्रेलरच्या आत, पुढच्या भिंतीला टेकवून ठेवलं. वजनाचा प्रश्न सुटला. पेट्रोलचा राहिला. टाकी रिकामी करून न्यावी असं आपलं दुसरं कलम होतं, पण मी आदल्याच दिवशी ती काठोकाठ भरली होती. झाकणातून थोडं झिरपलं. देवकाबाईनं भावजयीसाठी महिनाभर आधी करून ठेवलेल्या कुरडयांचा डबा त्याच्या शेजारीच होता. पांढुर्ण्याला पोचेस्तोवर कुरडयांना असा वास लागला की डबा उघडून बाई म्हणाली, "वहिनीले काय सांगू आता? तळू नको, नुसती काडी लाव म्हणू?"

पांढुर्ण्याचं नाव निघालं म्हणून सांगतो. आपल्या घरावरून जाणं हाच सरळ रस्ता होता. मी वैभवला बाजाराच्या मागून काढायला लावलं, कारण आपण फाटकात उभे असता तर मशीन आत ठेवलेलं आपल्याला दिसलं असतं. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास "सुस्वागतम्" लिहिलेली पांढरी खोली बाजारातून जाताना कुणी पाहिल्याचं आपल्या कानावर आलं असेल, तर ते आम्हीच होतो. व्याह्याच्या गावातून चोरासारखं जाण्याची ही माझी पहिली वेळ. माफी असावी.

रामाजींच्या गावात पोचलो तर पाच मिनिटांत रांग लागली. पांढरी गाडी, आत खाट, नळीचं यंत्र. लोकांनी सरकारी दवाखाना धरला. म्हाताऱ्या आधार कार्डं घेऊन आल्या. एकीनं मला विचारलं, "डॉक्टरसाहेब, मोतीबिंदू याच गाडीत पाहातेत का?" देवकाबाईनं कुणाला हाकललं नाही. तिच्याजवळ बोटाला लावायचा तो चिमटा असतो, ऑक्सिजन मोजायचा. तिनं अकरा बायांची बोटं मोजली आणि प्रत्येकीला गंभीरपणे सांगितलं, "तुमचा माझ्यापेक्षा चांगला आहे, घरी जा." बाया समाधानानं गेल्या. तोवर रामाजींना खाटेसकट ओट्यावर आणलं होतं. नवी टोपी घातलेली. बहीणभावानं एकमेकांना लांबूनच पाहिलं. मग रामाजी म्हणाले, "वाळली वं तू." ती म्हणाली, "तू काय मोठा पहिलवान होऊन राहिला?" एवढंच बोलणं झालं. प्रवासानं तिला धाप लागली होती, म्हणून ठरलं की आधी दोन तास यंत्रावर आराम आणि चार वाजता ओवाळणी.

आता ठेवण्याचा प्रश्न आला. (आपण ज्या जागेची वाट पाहत वाचत आहात, ती ही.) रामाजी खाटेवरून हलत नाहीत, आणि त्यांच्या दिशा त्यांच्याहूनही कमी हलतात. त्यांनी पहिला हुकूम केला की बहिणीचं डोकं दक्षिणेलाच पाहिजे. खाटेची उशी ट्रेलरच्या पुढच्या टोकाला, म्हणजे ट्रेलरचं तोंड दक्षिणेला हवं. ट्रेलर मागं घेऊन वळवणं कसं असतं हे आपण केलं नसेल तर करू नये. स्टिअरिंग डावीकडं फिरवलं की तो उजवीकडं जातो, आणि अर्धं गाव दोन्हीकडं हात दाखवतं. तासाभरानं तोंड दक्षिणेला झालं, एक कढीपत्त्याचं झाड गेलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की दिलीपनं ठोकलेली अग्नीची बैठक आता वायव्येला, खास वाऱ्याच्या घरी जाऊन बसली आहे. रामाजींनी दुसरा हुकूम केला, "अग्नी आग्नेयेलेच. दुसरी दिशा मले विचारू नोका." चार जणांनी मशीन उचललं. आग्नेय म्हणजे आता पुढचा डावा कोपरा. त्याच कोपऱ्यावर खिडकी. खिडकीच्या आत उशी. आणि बाहेर सहा फुटांवर कुंपणाची मातीची भिंत.

देवकाबाईनं खिडकीतून विचारलं होतं. हे मी लपवत नाही. ती म्हणाली, "अजी, व्याह्यांनं वीस फूट लिहून देल्लं होतं न?" मी रामाजींकडं पाहिलं. वीस फूट आग्नेयेला म्हणजे भिंतीपलीकडं, गावच्या रस्त्यावर. रामाजी म्हणाले, "रस्त्यावरचा अग्नी घराचा नसते." हे वाक्य इतकं वजनदार होतं की त्याचा अर्थ काय, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मला तर ते पटलंच. श्रीकांतराव, मी बी.ए. आहे, सोसायटीचा नऊ वर्षं अध्यक्ष होतो, आणि मला ते पटलं. मशीनला दसऱ्याची झेंडूची माळ अजून होती. ती नीट करून दोरी ओढली. पहिल्या ओढीत सुरू झालं. शकुन चांगला, असं मी म्हणालो.

वारा पूर्वेचा होता. कार्तिकात आमच्याकडं तो बहुधा तिकडूनच येतो. हेही मला चाळीस वर्षांपासून माहीत आहे, औषध फवारताना मी तोंड फिरवूनच उभा राहतो. धूर भिंतीवर आपटून परत येत होता. आम्ही बाकीचे ओट्यावर रामाजींसोबत कापसाच्या भावाबद्दल बोलत होतो. पंचवीसेक मिनिटांनी ट्रेलरचं दार उघडलं आणि देवकाबाई पायरीवर आली. नाकात नळी तशीच, मागं यंत्रापर्यंत ताणलेली. दाराला धरून ती म्हणाली, "तुमचा अग्निदेव आत आला आहे जी. त्याले बसायले द्या, मी बाहेर निघाली." आणि पायरीवरच बसली.

तिची नखं निळी दिसत होती. मशीन तिथून हलवण्यात आलं. गावात वीज नव्हती. वैभवनं ट्रेलर तिथंच सोडून तिला बोलेरोत घेतलं आणि लहान सिलिंडरवर आम्ही तिला पांढुर्ण्याच्या दवाखान्यात आणलं. तिथं दोन तास ऑक्सिजन दिला. तरुण डॉक्टर होते, शांतपणे बोलले. म्हणाले की त्या धुरात डोळ्यांना न दिसणारा, वास नसलेला वायू असतो, माणसाला झोप आली असं वाटतं, आणि काकू अजून अर्धा तास आत पडून राहिल्या असत्या तर. पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. मीही करत नाही.

आपल्या घरापासून दोन गल्ल्यांवर आम्ही दोन तास होतो आणि आपल्याला कळवलं नाही. सुचितानंही सांगितलं नाही, हा तिचा मोठेपणा, आणि मी तिला तशी शपथ घातली होती, हा माझा कमीपणा. तिथून सरळ सौंसरला आलो. ओवाळणी राहिली. रामाजी टोपी घालून अंधार पडेपर्यंत ओट्यावर होते, असं त्यांच्या सुनेनं फोनवर सांगितलं.

देवकाबाई आता ठीक आहे. चिमटा ब्याण्णव दाखवतो, तिच्या हिशेबात ते उत्तम आहे. तरी सर्व बाजूंनी विचार करून मी या निर्णयाला आलो आहे की पौर्णिमेचा बेत रद्द करावा, ट्रेलर रामाजींकडून आणून विकून टाकावा आणि आपला जनरेटर आपल्याला परत करावा. माणसानं आपली पोच ओळखावी. आपण दिलेल्या विश्वासाबद्दल आणि कागदाबद्दल ऋणी आहे. विहीणबाईंना नमस्कार, घरातल्या लहानांना आशीर्वाद.

आपला,
रघुनाथ

ता.क. जनरेटरचं वरचं हँडल एका बाजूनं वाकलं आहे आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण सापडत नाही. दिलीपनं परवा जाऊन पाहिलं, मशीन चालतं. हे पत्रात घालायचं राहिलं.

ता.क. दुसरा. वरचं सर्व मोठ्यानं वाचून पाहत असताना देवकाबाईनं ते आतून ऐकलं. बेत रद्द करणारे तुम्ही कोण, असं तिनं विचारलं. भाऊ माझा, फुप्फुस माझं, धूर मी खाल्ला. ती पौर्णिमेला जाते आहे. तेव्हा वर जनरेटर परत करण्याबद्दल जे लिहिलं ते लिहिलं नाही असं समजावं.

ता.क. तिसरा. तिची एक अट आहे, आणि पत्राचं खरं काम हेच. चतुर्दशीला सुचिता परत येईल तेव्हा आपण तिच्यासोबत यावं, पौर्णिमेला आमच्याबरोबर निघावं, आणि जनरेटर कुठं ठेवायचा ते आपण, एकट्यानं, कुणालाही न विचारता ठरवावं. रामाजींनी दिशा सांगितली तर ऐकू न आल्यासारखं करावं. लांब वायर सोबत आणावी. मशीनला मी हात लावायचा नाही, अशी तिची सक्त ताकीद आहे. बोलेरोत पुढं ती आणि वैभव, मागं आपण, सिलिंडर आणि डबे. माझ्यासाठी जागा उरते की नाही, हे तिला आपणच विचारावं. मी विचारलं तर ती बघते फक्त.

ता.क. चौथा. बाबा, हा मजकूर माझा. अक्षर माझं आहे हे तुम्ही पहिल्या ओळीतच ओळखलं असेल. मामाजींनी सांगितलं आणि मी लिहिलं. एक गोष्ट मात्र त्यांनी लिहू दिली नाही. "मशीन तिथून हलवण्यात आलं" असं त्यांनी सांगितलं आणि मी तसंच लिहिलं, पण हलवलं ते त्यांनी. चार माणसांनी ठेवलेलं मशीन, चालू असताना, आई पायरीवर बसल्या त्याच क्षणी, एकट्यानं छातीशी धरून फाटकाबाहेर नेलं. बंद करायचं लाल बटण कुठं आहे ते त्यांना त्या वेळी आठवलं नाही. सायलेन्सर तापलेला होता. दोन्ही तळहातांना पट्ट्या आहेत, पेन धरता येत नाही. म्हणून आई त्यांना मशीनला हात लावू देत नाहीत.

जागेचं तुम्ही विचारू नका. आई मागंच बसणार आहेत, मामाजींच्या शेजारी. तीन दिवसांपासून त्या नाकात नळी लावून मामाजींना घास भरवतात, आणि प्रत्येक घासाला रागावतात.

— सुचिता